चौदा नंबरची डिस्क

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी एका हळदीच्या फुटेजचा आवाज जुळवत बसलो होतो. "अरे, ती कॅसेट हाय न्हवं तुझ्याकडं? आपल्या संमेलनाची?" गुरुजींच्या लेखी सीडी, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, सगळी कॅसेटच. "हाय की," म्हटलं. डिस्कांच्या नोंदीची वही उघडून बघायचीही गरज वाटली नाही, इतका माझ्या वहीवर माझा विश्वास.

बेळगाव तालुक्यात थंडी पडली की मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर ही नावं पुण्या-मुंबईच्या वक्त्यांनाही पाठ आहेत. गुरुजींचं गाव त्यांच्यापेक्षा लहान, मांडव शाळेच्या मैदानात. जानेवारी २०१७ मध्ये तिथलं संमेलन मी शूट केलं होतं. दोन कॅमेरे, दोन दिवस, तयारीच्या आदल्या रात्रीसकट. त्यातून बावन्न मिनिटांची फिल्म केली, अध्यक्षांचं भाषण वेगळं, अख्खं. पैसे अर्धे मिळाले, अर्धे मी मागितले नाहीत.

गुरुजींना ना फिल्म हवी होती, ना भाषण. "भाकऱ्या थापताना बायका ओव्या म्हणत होत्या बघ, सौंदत्तीच्या वाटेच्या. त्या पूर्ण पाहिजेत. यंदा मांडवात लावूया." बैलगाडीनं यल्लम्माला जाताना वाटेत लागणारं एकेक गाव घेत पुढं सरकणारी ओवी. मराठीच, पण मधेच कानडी शब्द असा येतो की म्हणणारीला तो वेगळा वाटतच नाही. चौघी म्हणत होत्या. त्यातल्या दोघी आता नाहीत.

मला तो शॉट आठवत होता. फिल्ममध्ये अकरा सेकंद आहे, आणि वर मी बासरी लावली आहे.

इथं थोडं धंद्याचं सांगावं लागेल. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, माझं प्रीमियर, जी प्रोजेक्ट फाइल असते तिच्यात व्हिडिओ नसतो. ती शेताच्या उताऱ्यासारखी. सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, मालकाचं नावही आहे, माती नाही. अमुक डिस्कवरच्या तमुक फोल्डरमधली ही क्लिप, तिचा इथपासून इथपर्यंतचा तुकडा, एवढंच तिला ठाऊक. फोल्डरचं नाव बदला, डिस्कला विंडोजनं जी ऐवजी एच अक्षर देऊ दे, प्रीमियर लगेच लाल पाटी दाखवतं. क्लिप ऑफलाइन असल्याचं त्या पाटीवर कितीतरी भाषांत लिहिलेलं असतं. मराठी नाही, कानडीही नाही. तेवढ्यापुरता आमचा सीमाप्रश्न मिटलेला आहे.

म्हणून काम संपलं की नुसती प्रोजेक्ट फाइल ठेवून भागत नाही, मीडिया तिच्यासोबत बांधावा लागतो. प्रीमियरमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्यात दोन वाटा. पहिली, सगळ्या मूळ फाइली जशाच्या तशा एका ठिकाणी गोळा करायच्या. दुसरी, टाइमलाइनवर जेवढं वापरलं तेवढेच तुकडे नव्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या वेगळ्या पद्धतीत, काढून ठेवायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या मागंपुढं थोडी शेपूट सोडायची. तिला हँडल म्हणतात. मी हँडल तीस फ्रेमचं ठेवतो. आपल्याकडं सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे जवळपास सव्वा सेकंद.

बेळगावात लग्नं शूट करणारे बहुतेक जण यातलं काहीच करत नाहीत. डिलिव्हरी झाली, पुढची सुपारी आली, कार्ड फॉरमॅट. सोनीचा कॅमेरा फॉरमॅटनंतर पुन्हा सी-शून्य-शून्य-शून्य-एकपासून मोजायला लागला की एकाच डिस्कवर एकाच नावाच्या वीस क्लिपा जमतात, आणि मग निपाणीच्या बारशाची क्लिप खानापूरच्या लग्नात शिरते. माझ्याकडं काम करणाऱ्या पोराला मी दोन वर्षं सांगतोय, कार्डातलं फोल्डरांचं अख्खं झाड कॉपी कर, नुसत्या क्लिपा उचलू नकोस. तो उचलतोच. मी मात्र प्रत्येक डिस्कला चिकटपट्टीवर नंबर टाकतो, वहीत तारीख-गाव-कॅमेरा लिहितो, मृगाआधी प्रत्येक डिस्क एकदा फिरवून बघतो. मिनीडीव्हीच्या टेपांना इथल्या पावसाळ्यात धरलेली बुरशी ज्यानं बघितली आहे, तो एवढं करतोच.

तर वही सांगत होती, डिस्क चौदा. लावली, प्रोजेक्ट उघडला, एकही लाल पाटी नाही. मला बरं वाटलं, खरं सांगतो. मग बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमधल्या क्लिपांच्या यादीत, जाऊन भाकरीची क्लिप उघडली. साडेतेरा सेकंद. अकरा अधिक दोन्हीकडची शेपूट.

२०१८ च्या पावसाळ्यात मीच ते केलं होतं. डिस्का भरत आल्या होत्या आणि दोन टीबीची नवी घ्यायची तर पाचेक हजार मोजावे लागत होते. सोनीचं फोरके, म्हणजे १०८०च्या साध्या एचडीपेक्षा चौपट बारकाईचं चित्र, सेकंदाला शंभर मेगाबिटवर चालतं, तासाला पंचेचाळीस जीबी. त्या संमेलनाचे चारशेच्या वर झाले होते. फिल्म शेवटी १०८०चीच होती. वापरलेलं तेवढं डीएनएक्सएचडी कोडेकमध्ये काढलं, त्र्याऐंशी जीबीत सगळं बसलं. तपासलं, नीट चालतंय, मूळ फुटेज पुसलं. त्या दिवशी वहीत मी हिरव्या शाईनं टिकही केली आहे. अध्यक्षांनी भाषणात पाणी पिण्यासाठी घेतलेला विरामसुद्धा माझ्याकडं आजही पूर्ण आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा पुन्हा फोन. "सापडली का रे?"

आणि मी म्हणालो, "गुरुजी, ती डिस्क बिघडलीय."

का म्हणालो? डिस्क जाणं ही आमच्या धंद्यातली सन्मानाची सबब आहे. वीज गेली, डिस्क गेली. लोक हळहळतात, तुमच्यावर कुणी रागवत नाही. मी पुसलं, जागा करायला पुसलं, तुमच्या गावच्या बायका मला तेव्हा फिलर, नुसती भरती, वाटल्या, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवर सांगायला जीभ उचलली नाही. "असू दे, असू दे," गुरुजीच मला समजावू लागले. "मशीनच ते."

झोप लागली नाही. पहाटे आठवलं की तेव्हाची माझी मशीन फोरके ओढत नव्हती, म्हणून मी प्रॉक्सी करायचो. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल. एडिट तिच्यावर करायचं, शेवटी मूळ जोडायचं. ती नक्कल अख्ख्या क्लिपची असते, वापरलेल्या तुकड्याची नव्हे. आणि प्रॉक्सी मी दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवायचो. ती मशीन आता वडगावात भाच्याकडं, गेम खेळायला.

सकाळी सातला त्याच्या दारात उभा. "मामा, एवढ्या सकाळी?" डी ड्राइव्हवर गेमांच्या फोल्डरांच्या गर्दीत ते फोल्डर होतं. जागा इतकी कमी खात होतं की कुणाच्या नजरेत आलं नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या प्रॉक्सी मी केल्याच नव्हत्या, पण भाकरीची क्लिप पहिल्याची होती. नावापुढं प्रॉक्सी असं लागलेलं, रुंदी १०२४, चुलीच्या धुरात चेहऱ्यांचे चौकोन पडलेले. आवाज मात्र चांगला. कॅमेऱ्याचाच माइक, पण मी जवळ बसलो होतो. थापटीचा ठेका आणि ओवी दोन्ही स्वच्छ. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

भाचा मागं उभा राहून ऐकत होता. सांबरा आलं, नेसरगी आली. यरगट्टीला गाडी पोचली, बैल सोडले, आणि तिथं एक आवाज आला, "आजी, जरा थांबा हं, स्टेजवर माइक टेस्टिंग चाललंय." माझाच आवाज. चौघी हसल्या, एकीनं पदरानं कपाळ पुसलं, आणि पुढं क्लिप संपेपर्यंत कुणी कुणाला मिठाचं विचारत होतं. स्टेजवरचं माइक टेस्टिंगसुद्धा मी शूट केलं होतं बहुतेक. ते ठेवलेलं नाही.

फाइल पेनड्राइव्हवर घालून स्वतः नेऊन दिली. गुरुजींनी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर लावली, उरलेल्या दोघींपैकी एकीला घरून बोलावून घेतलं. काकू खुर्चीवर न बसता उभ्यानंच ऐकत राहिल्या. गुरुजींनी पुढचं म्हणायला सांगितलं. त्यांनी सुरुवात केली, यरगट्टीपर्यंत आल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच आल्या. "ती दुसरी ओढायची, मी मागनं म्हणायची," म्हणाल्या, आणि चहा ठेवते म्हणून निघाल्या.

गुरुजी मला सोडायला फाटकापर्यंत आले. "डिस्क दुरुस्त झाली म्हणायची!"

"थोडी," मी म्हणालो.

"मग पुढचं सौंदत्तीपर्यंतचं त्या राहिलेल्या भागात असंल न्हवं? हुबळीला कोण दुरुस्त करतंय म्हणे. खर्च वाचनालय देईल की."

बघतो म्हणालो. त्यानंतर त्यांचे दोन फोन येऊन गेले. डिस्क चौदा माझ्या टेबलावर आहे, ठणठणीत चालते.