भरला वो कूलर!

मे महिन्यात नागपुरात कूलर भरणं हे दात घासण्याइतकं रोजचं काम. पारा ४५ला टेकला की टाकी दिवसातून दोनदा पाणी मागते. पाईप लावायचा, दहा मिनिटांनी नळ बंद करायचा. यातलं पहिलं काम आमच्या घरात बिनचूक होतं.

"आई, पाणी वाहून राहिलं!" लेक ओरडतो. पाईप त्यानेच लावलेला असतो. पण "तू जा, मी बघते" असं म्हटलेलं असतं मी, आणि बघायला जाताना मला खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्या दिसलेल्या असतात. कुरड्यांवरून पापड आठवले, पापडांवरून पापडखार, त्यावरून किराणा, किराण्यावरून गाडीची किल्ली. किल्ली फ्रिजमध्ये सापडली, दह्याच्या वाटीशेजारी. ती तिथे कशी गेली यावर आमची दोघांची चर्चा रंगली तेवढ्यात टाकी भरली.

दोघांनाही एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण. आधी निदान त्याचं झालं. डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होते, मी सांगत होते, आणि मधेच लक्षात आलं की निम्मी उत्तरं माझीच आहेत. हे बरंचसं रक्तातूनच येतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. मोठ्यांच्या बाबतीत बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का हे बघतात, म्हणून मी आईला फोन लावला. "पाचवीत एका हिवाळ्यात तीन स्वेटर हरवले तू," ती तत्काळ म्हणाली. "चौथा मी विणलाच नाही."

लोक म्हणतात, लक्ष नाही. लक्ष ढीगभर आहे हो, ते कुठे जाऊन बसेल हे आमच्या हातात नाही. मागच्या रविवारी लेकाने कूलरचा बंद पडलेला पंप खोलला आणि तीन तास जेवणखाण विसरून साफ करत बसला. पंप चालू झाला. दोन स्क्रू अजून मिळाले नाहीत.

मोबाईलवर गजर लावून पाहिला. वाजला की मी तो बंद करते, आणि गजर बंद झाला म्हणजे नळही बंद झाला, असं माझं डोकं धरून चालतं.

आमचं पाणी खालच्या काकूंच्या गॅलरीत पडतं. पहिल्या उन्हाळ्यात त्या भांडल्या. यंदा त्यांनी धारेखाली मोगऱ्याची कुंडी सरकवलीय, आणि कुंडी ओसंडली की खालून हाक येते, "सोनूच्या आई, कूलर भरला वो!"

आम्ही दोघंही धावतो. परवा धावताना दोघांनाही कुरड्या दिसल्या.