एका फुटात पासष्ट छिद्रे

माझ्या टेबलाच्या खणात ३५ मिलिमीटर फिल्मचा एक जुना तुकडा पडून आहे. तो उजेडात धरला की चित्रांच्या आधी नजरेत भरतात ती कडेची छिद्रे. एका चौकटीला चार आणि फूटभर लांबीत सोळा चौकटी, म्हणजे एका कडेला चौसष्ट छिद्रे झाली. १९१४ साली प्रदर्शित झालेला 'द स्क्वॉ मॅन' हा मूक वेस्टर्न चित्रपट जवळजवळ बुडाला होता तो या छिद्रांच्या हिशेबापायी, आणि म्हणूनच त्याच्या निर्मितीची कथा मला दिग्दर्शकाच्या धाडसापेक्षा या बाजूने वाचायला आवडते.

धाडस होते, यात शंका नाही. कंपनी जेसी लास्की यांची, त्यांचे मेहुणे सॅम्युएल गोल्डफिश (पुढे गोल्डविन या नावाने प्रसिद्ध झालेले) हातमोजे विकणारे, आणि सेसिल बी. डमिल रंगभूमीवरचे. चित्रपटाचा अनुभव नसल्यामुळे डमिल यांच्या जोडीला ऑस्कर ॲपफेल यांना सहदिग्दर्शक म्हणून घेण्यात आले. नायक डस्टिन फार्नम यांना कंपनीत भागीदारी देऊ केली होती. त्यांनी रोख पगारच मागितला, जो त्या वेळी कुणीही शहाण्या माणसाने मागितला असता.

चित्रीकरण ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफला व्हायचे होते. मंडळी तिथे उतरली, परिसर पसंत पडला नाही आणि ती तशीच पुढे कॅलिफोर्नियाला गेली. हॉलिवूड नावाच्या ठिकाणी महिना ७५ डॉलर भाड्याने एक कोठार घेण्याची परवानगी डमिल यांनी तारेने मागितली; भाडे महिन्याच्या बोलीनेच ठरवा, लांबचा करार करू नका, असे त्यांना कळवण्यात आले. कोठारमालकाचे घोडे तिथेच बांधलेले असत. हा हॉलिवूडचा पहिला चित्रपट, असे अजूनही सर्रास लिहिले जाते, पण नेस्टर कंपनीने तिथे १९११ मध्येच स्टुडिओ थाटला होता.

२९ डिसेंबर १९१३ रोजी चित्रीकरण सुरू झाले. शीर्षकातला 'स्क्वॉ' (मूळनिवासी अमेरिकन स्त्री) हा शब्द आज अपमानकारक मानला जातो, आणि ते रास्तच. पण त्या स्त्रीच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटीला रंग न फासता विनेबागो जमातीच्या लिलियन सेंट सिर यांना, म्हणजेच 'रेड विंग' यांना घेतले गेले, हेही नोंदवायला हवे. निगेटिव्हचा एक भाग कुणीतरी खराब केल्याचे आढळल्यानंतर डमिल दुसरी प्रत रोज रात्री घरी नेऊ लागले, असे त्यांनी पुढे सांगितले.

खरा शत्रू मात्र कोठारातच होता. काटकसर म्हणून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे जुने यंत्र घेतले होते आणि ते एका फुटात चौसष्टऐवजी पासष्ट छिद्रे पाडत होते. कॅमेऱ्यात ही चूक खपून गेली. प्रोजेक्टरचे दाते मात्र चौसष्टाच्या मापाने फिल्म ओढतात, त्यामुळे लास्की यांच्यासमोर चित्रपट लावला तेव्हा चित्र पडद्यावर ठरेना: ते वर वर सरकत गेले, आणि शेवटी पात्रांचे पाय पडद्याच्या वरच्या कडेला, तर डोकी खालच्या कडेला दिसू लागली. आपण फिल्मच बिघडवली, की कॅमेराच सदोष आहे, हे तिथे कुणालाच कळेना.

अखेर निगेटिव्ह फिलाडेल्फियाला चित्रपटनिर्माते सिग्मंड लुबिन यांच्याकडे गेले. लुबिन हे चित्रपटयंत्रांच्या पेटंटधारकांच्या बड्या संघाचे सभासद, आणि लास्की यांची कंपनी त्या संघाबाहेरची. त्यांनी हात वर केले असते, तरी कुणी नवल केले नसते. त्यांनी दोष ओळखला. फिल्मच्या कडेवर पातळ पट्टी चिकटवून तीत योग्य मापाची छिद्रे नव्याने पाडली गेली, असे सांगितले जाते. दिग्दर्शन, अभिनय, निसर्गदृश्ये या सगळ्यांवर लिहिले गेले आहे. या चिकटकामाला क्वचितच ओळभर जागा मिळते.

फेब्रुवारी १९१४ मध्ये चित्रपट झळकला आणि चांगला चालला. १९१६ मध्ये लास्की यांची कंपनी ॲडॉल्फ झुकर यांच्या कंपनीत मिळाली आणि त्यातूनच पुढे पॅरामाउंट उभी राहिली. फार्नम यांनी नाकारलेली भागीदारी ती हीच. डमिल यांनी हीच कथा १९१८ मध्ये पुन्हा मूकपटात आणि १९३१ मध्ये बोलपटात आणली.