पुस्तक नक्की लिहिलं कुणी?

अण्णा आणि मी मिळून मार्केटिंगवर एक पुस्तक लिहिलं. त्याबद्दल कुठंही बोलायला गेलो की कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी कुणीतरी मला बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, खरं सांगा, पुस्तक नक्की लिहिलं कुणी? तुम्ही की अण्णांनी?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं. सांगलीकडचा पंप-पाइपचा डीलर, उभा जन्म दुकानात गेलेला, तो कशाला पुस्तक लिहितोय? पुण्याच्या जाहिरात एजन्सीतल्या बाईनं लिहिलं असणार आणि त्यांचं नाव मानानं लावलं असणार. पुढचा प्रश्नही ठरलेला: मार्केटिंगवर पुस्तक लिहिलंत, मग त्याचं मार्केटिंग काय केलंत आणि खपलं किती?

सगळेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर सांगते. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या माणसासाठी लिहायचं हे आमचं ठरलं, त्याच्याच हातात पुस्तक गेलं. ते ठरवताना झालेली भांडणं हाच आमचा लेखनप्रपंच.

टायपिंग सगळं माझं, हे कबूल. अण्णांनी (कंपनीच्या एरिया मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) कागदावर आजवर फार तर बिलं आणि चेक लिहिले असतील. ते व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. संध्याकाळची वेळ, गोडाऊनला गाडी लागलेली, मागं पीव्हीसी पाइप एकमेकांवर आपटल्याचा खणखणाट, मधेच "आरं, अडीच इंची तिकडं लाव", आणि मग सोडलेल्या शब्दापासून बरोब्बर पुढं. मी ते उतरवून, मांडणी करून परत पाठवायचे. ते स्वतः वाचायचे नाहीत. गल्ल्याचा हिशोब झाला की दुकानातल्या पोराला मोठ्यानं वाचायला बसवायचे. पोरगा अडखळला तिथं पेन्सिलची खूण. त्यानं जांभई दिली की ते पान बाद. माझी कितीतरी देखणी पानं त्या पोराच्या जांभईनं गेली. एजन्सीत क्लायंटच्या साहेबांनी कॉपी कापली की मी तासभर वाद घालायचे. जांभईशी काय वाद घालणार?

मार्केटिंगवर जोडीनं लिहिणं काही नवं नाही. 'पोझिशनिंग' (गिऱ्हाइकाच्या मनात आपल्या मालाची जागा ठरवणं) ही कल्पना गाजली ती अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी १९७२ साली 'ॲडव्हर्टायझिंग एज' ह्या अमेरिकन साप्ताहिकात लिहिलेल्या लेखांमुळं. पण ते दोघं एकाच एजन्सीत बसणारे. आमच्यात एक माल विकणारा आणि एक मालाबद्दल लिहिणारी. माझ्या डोळ्यांसमोरचा वाचक एमबीए करून वडिलांच्या धंद्यात आलेला मुलगा होता. अण्णांचा वाचक तालुक्याच्या गावात गल्ल्यावर बसलेला, दुपारी गिऱ्हाईक नसताना पुस्तक उघडणारा आणि गिऱ्हाईक आलं की ते वजनकाट्याखाली सारणारा. "ताई, पुढचं गिऱ्हाईक येईस्तोवर प्रकरण संपलं पाहिजे," हा त्यांचा नियम. त्यामुळं आमचं कुठलंच प्रकरण पाच पानांच्या वर नाही. समीक्षकांना ती आमची शैली वाटली.

सगळ्यात मोठा वाद उधारीवरून झाला. गिऱ्हाईक टिकवण्यावर मी एक प्रकरण लिहिलं होतं: आपुलकी, वाढदिवसाचा मेसेज, विक्रीनंतरची सेवा वगैरे. अण्णा म्हणाले, "हे सगळं बरोबर हाय, पण उधारी कुठाय?" मी म्हटलं, उधारी हा हिशोबाचा विषय. त्यावर त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं आणि लाल कापडाची लांबट वही पुढ्यात टाकली. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरींचं पाणी खाली जातं, मोटर जळते, शेतकरी पंप न्यायला येतो. पैसे उसाच्या बिलावर. कायद्यानं ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते; कुणाला मिळते, कुणाला वाट बघावी लागते. ते सगळं त्या वहीत दिसत होतं. कुणाचं क्षेत्र किती, कुणी ठिबक बसवलं, कुणाचा पंप किती वर्षांपूर्वीचा आणि म्हणून यंदा कोण येणार. नावांसमोर बारक्या अक्षरात शेरे होते: 'पोरगी लग्नाची', 'भाऊ वाटणी मागतोय', 'बोअर मारणार'. मोठ्या कंपन्या ज्या माहितीसाठी लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घेतात, ती ह्या माणसाकडं दोऱ्यानं शिवलेल्या वहीत होती. ते प्रकरण पुस्तकात 'उधारीची वही' म्हणून आहे आणि फोन येतात ते त्याच्यावरच.

तसंच वाइंडिंगवाल्याचं. शेतकरी पंप घेताना जाहिरात बघत नाही, मोटर वाइंडिंगवाल्याला (जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरणाऱ्याला) विचारतो. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटर जळली की ती त्याच्याकडंच जाणार, आणि कुठल्या कंपनीचं तांबं बरं, कुणाचे पार्ट मिळतात, हे त्यालाच ठाऊक. रंगवाले डब्यात पेंटरसाठी टोकन (ते दिलं की पेंटरला पैसे मिळतात) घालतात ते ह्याच हिशोबानं. हे मी कॉलेजात शिकले होते, मोठ्या नावांनिशी. अण्णांनी सांगितलं तेव्हा मात्र त्या वाइंडिंगवाल्याच्या दुकानाबाहेरची जळक्या वार्निशचा वाससुद्धा सांगितला, आणि तो पुस्तकात राहिला.

माझा हट्ट चालला तो किर्लोस्करांवरच्या प्रकरणात. किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यातली, अण्णांच्या घरापासून जवळ, त्यामुळं त्यांना त्यात नवल वाटेना. १९१० साली वसलेली ही वाडी आणि तिथं तयार होणारा लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला कचरत होते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणारं ते पत्र पुढं 'किर्लोस्कर' झालं आणि मराठी घराघरांत वाचलं गेलं. आजकाल ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून वर्कशॉप घेतात, ते आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी सांगली भागात झालंय, हे मला सांगायचंच होतं. दुकानातल्या पोरानं ते प्रकरण जांभई न देता वाचलं, तेव्हा अण्णांनी मान्य केलं.

आता 'कुणी लिहिलं' याचं सरळ उत्तर. आपल्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे: ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ते. मला ह्याहून चांगलं उत्तर सुचत नाही. अशा पुस्तकाचा हक्क शेवटचा लेखक गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. हे वकिलांनी सांगितलं तेव्हा अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे तब्येत तुम्ही सांभाळायची."

रॉयल्टी निम्मी-निम्मी, नावं वर्णानुक्रमे, आणि हे दोन्ही पहिलं पान लिहायच्या आधी कागदावर. दोघांनी पुस्तक लिहायला घेतलंय असं कुणी सांगितलं तर मी पहिल्यांदा हाच कागद विचारते. त्यात आणखी दोन गोष्टी असाव्यात: दुसऱ्या आवृत्तीत बदल करायचा तर दोघांची संमती लागेल का, आणि पुस्तकावर व्याख्यान एकट्यानं दिलं तर मानधन कुणाचं. भांडणं रॉयल्टीवरून होत नाहीत, कारण ती भांडण्याइतकी नसते. २५० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के धरले तर २५ रुपये, दोघांत साडेबारा. वितरक आणि विक्रेत्याकडं ४०-५० टक्के जातात, न खपलेल्या प्रती परत येतात. हे ऐकून अण्णा म्हणाले, "साध्या क्लॅम्पवर ह्यापेक्षा जास्त सुटतात की ओ."

प्रकाशन पुण्यात झालं. हॉल, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, आणि बाहेरच्या टेबलावर पुस्तक घेणारे बहुतेक आमचेच नातेवाईक. पेपरात परिचय आला. फेसबुकवर पैसे भरून पोस्ट फिरवली, लाइक भरपूर. ॲमेझॉनवर छोट्या वर्गवारीत थोड्याशा ऑर्डरी एकदम पडल्या तरी पुस्तक घटकाभर पहिल्या नंबरवर जातं, कारण तिथलं गणित सतत बदलत असतं. तेवढ्यावर मुखपृष्ठाला 'बेस्टसेलर'ची पट्टी लावावी असं प्रकाशकांकडून सुचवलं गेलं. आम्ही नको म्हटलं. गल्ल्यावर बसणाऱ्याला असल्या पट्ट्या कशा लावतात ते चांगलं कळतं, तो रोज तेच करतो.

अमळनेरच्या साहित्य संमेलनात, २०२४ च्या फेब्रुवारीत, आमचं पुस्तक कवितासंग्रहांच्या शेजारी मांडलं होतं. लोक उचलायचे, किंमत बघायचे, ठेवायचे. एका गृहस्थांनी विचारलं, "विप्रोवर आहे का काही ह्यात?" विप्रोची सुरुवात १९४५ साली त्याच गावात, वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली. पुस्तकात नव्हतं. ते हसून पुढच्या स्टॉलवर गेले.

खरी विक्री अण्णांच्या काउंटरवरून सुरू झाली. टेफ्लॉन टेपच्या डब्याशेजारी त्यांनी प्रती उभ्या केल्या. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या छोट्या दुकानदारांना माल पोचवणाऱ्या टेम्पोत पाच-दहा प्रती टाकायला लागले. त्यांचे नियम कडक होते. फुकट कुणाला नाही. बिल वेगळं, पंपाच्या बिलात घुसवायचं नाही (पुस्तकावर जीएसटी शून्य, हे त्यांना फार आवडलं). आणि मालाबरोबर सक्ती नाही. "युरियाबरोबर नको ती औषधं गळ्यात मारत्यात, तसलं लिंकिंग आपण करायचं नाही." ड्रायव्हरच मागच्या फेरीची खबर आणायचा: अमक्यानं उधारीचं प्रकरण वाचलं, तमक्यानं जावयासाठी एक मागितलंय. मग प्लंबर मीट, डीलर मीट. जेवणाआधी अण्णा दहा मिनिटं बोलायचे, जेवणानंतर टेबल रिकामं व्हायचं. मी बोलले की लोक टाळ्या वाजवायचे. ते बोलले की पुस्तक घ्यायचे.

त्या मीटमधूनच एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. दिवाळीला डीलरांना मिठाईऐवजी पुस्तक द्यायचं, सगळी पहिली आवृत्ती एकगठ्ठा. फक्त वाइंडिंगवाल्याच्या प्रकरणात त्यांच्या पंपाचं नाव घालायचं होतं. खरं सांगायचं तर मी वाकले असते, एका ओळीनं काय बिघडतं? अण्णा स्वतः त्याच कंपनीचा माल विकतात, तरी नाही म्हणाले. "नाव दिसलं की दुसऱ्या कंपनीचा डीलर पुस्तक मिटणार." शेवटी पुस्तकात हात न लावता, पहिल्या पानावर चिकटवायची शुभेच्छांची चिठ्ठी कंपनीनं छापून दिली आणि ऑर्डर निम्मी केली. अशा एकगठ्ठा खरेदीला मी विक्री म्हणते का? म्हणते, पण वेगळ्या रकान्यात लिहिते. न्यूयॉर्क टाइम्स आपल्या खपाच्या यादीत घाऊक ऑर्डरींचा संशय असलेल्या पुस्तकापुढं खंजिराचं चिन्ह छापतो. तो खंजीर आमच्या हिशोबाच्या वहीतही आहे.

तर खपलं किती? हजाराची पहिली आवृत्ती संपली. त्यातल्या पुस्तकांच्या दुकानांतून गेलेल्या प्रती सगळ्यात कमी. पुण्याच्या पुस्तकबाजारात, आप्पा बळवंत चौकात, आजही विचारलंत तर कदाचित आतून शोधून आणावी लागेल.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू आहे आणि आमचं पुन्हा बिनसलंय. अण्णांना वसुलीवर एक प्रकरण हवंय: यूपीआय आल्यापासून "आजची लिमिट संपली" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. मी म्हणते, हे मार्केटिंग नव्हे. ते म्हणतात, मागायला गेल्यावर जो नीट बोलतो त्याच्याच दुकानात माणूस पुढच्या उन्हाळ्यात येतो. उधारीच्या वेळी मी हेच म्हटलं होतं, हे ते मला मुद्दाम आठवण करून देत नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. प्रकाशकांना मजकूर दिवाळीच्या आत हवाय. बहुतेक ते प्रकरण जाईल, पाच पानांत.