पैलवानाला घर मिळालं त्याची गोष्ट

मांजराच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची लागण, असं लिहिलेलं असलं की माणसं ते वाचतात, थबकतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात. जाळीतून आत घातलेलं बोट पटकन बाहेर येतं. मी प्राण्यांच्या निवाऱ्यात पशुवैद्य आहे. असं मांजर बरं करून उभं करणं एक वेळ जमतं, पण त्याला घर मिळवून देताना कस लागतो. पैलवानाने तो चांगलाच लावला.

नाव आमच्या मदतनिसाने ठेवलं. भलंमोठं डोकं, फुगलेले गाल, दोन्ही कान कातरलेले. नसबंदी न झालेल्या, गल्लोगल्ली हिंडून मारामाऱ्या करणाऱ्या बोक्याचं हे ठरलेलं रूप. शेपटीच्या बुंध्याशी चाव्याचं गळू झालं होतं. ते फोडून साफ केलं, जखम भरत आली, तरी तो जेवेना. भूक नव्हती असं नाही. भांडं ठेवलं की धावत यायचा, वास घ्यायचा, एक घास घ्यायचा आणि किंचाळून मागे उडी मारायचा. मग कोपऱ्यात बसून भांड्यावरच फिसकारायचा, जणू ते भांडंच त्याला चावलं होतं. तोंड उघडून पाहिलं तर घशापर्यंत सगळं लालभडक, हिरड्यांना नुसता स्पर्श झाला तरी रक्त.

रक्ताची चाचणी केली. मांजरांतल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) विषाणूसाठी निगेटिव्ह, एफआयव्हीसाठी पॉझिटिव्ह. दुसऱ्या पद्धतीने प्रयोगशाळेतून खात्री करून घेतली, तेच आलं. इथे एक सांगायलाच हवं. किटवरची ही चाचणी विषाणू दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दाखवते. आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे लहान पिल्लू पॉझिटिव्ह दिसतं आणि सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासलं की बऱ्याचदा निगेटिव्ह येतं. पिल्लाच्या पहिल्या रिपोर्टवरून कोणी त्याचं भवितव्य ठरवू नका, अगदी कळकळीने सांगते.

पैलवान मात्र पुरता वाढलेला बोका होता, त्याच्याबाबत शंका नव्हती. “आता कोण नेणार याला? कशाला हाल करायचे? झोपवून टाका,” असा सल्ला एका अनुभवी व्यक्तीने दिला. मला तो मान्य नव्हता आणि आजही नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गप्प राहू शकतो. अशी कितीतरी मांजरं म्हातारी होऊन भलत्याच कारणाने जातात. केवळ पॉझिटिव्ह निकालावर मांजराचा जीव घेऊ नये, हे आता आमच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. हाल त्याचे होतच होते, पण ते तोंडामुळे, आणि तोंडावर उपाय होता. भूल देऊन त्याच्या सगळ्या दाढा काढल्या, त्याच भुलेत नसबंदीही उरकली. काही दिवसांनी तो मऊ अन्न खाऊ लागला. भांडं चाटूनपुसून झाल्यावर ते पंजाने माझ्याकडे सरकवायचा. भांड्याशी त्याचं वैर संपलेलं पाहून झालेला आनंद मला अजून आठवतो.

मग घर शोधायला लागलो. बघायला माणसं आली, नाही असं नाही. एका बाईंना त्याची फार दया आली, डोळे भरून आले. पण त्यांच्याकडची मांजरं दिवसभर बाहेर मोकळी असायची आणि यालाही त्या तसंच ठेवणार होत्या. मी नाही म्हणाले. एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून, लाळ रक्तात गेल्यामुळे. बाहेर सोडलेला पैलवान इतरांना धोका, आणि बाहेरचे सगळे संसर्ग त्याला धोका. त्या दुखावल्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नव्हती, पण अशा मांजराला दयेपेक्षा बंद दार आणि वेळच्या वेळी तपासणी जास्त लागते.

ते जोडपं पहिल्यांदा आलं तेव्हा बाई जाळीपाशी खिळून राहिल्या. “अहो, हा बघा ना.” यजमानांनी कार्ड वाचलं, मान हलवली आणि दोघं निघून गेले. संपलं, असं मी धरून चालले. पुढच्याच आठवड्यात ते गृहस्थ एकटे आले. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. दोन्ही बाजूंनी प्रश्न लिहिलेले, काही खोडून पुन्हा लिहिलेले. “डॉक्टर, रागावू नका, मला सगळं विचारायचंय.”

रागवायचं कशाला? अशा माणसाची तर मी वाट बघत असते.

पहिला प्रश्न होता, आम्हाला होईल का? नाही. हा एचआयव्हीचा भाऊबंद असला तरी माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. कपडे, गादी, भांडी यांचं काय? शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, नेहमीची साबणाची धुलाई पुरते. हा रोग नवीन निघालाय का? तर, तो सापडला 1986 मध्ये, कॅलिफोर्नियात. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोतो यांनी तो वेगळा काढला. पण आधीच्या काळातल्या साठवलेल्या रक्तनमुन्यांतही त्याच्या खुणा मिळाल्या आहेत, म्हणजे मांजरांत तो जुनाच. रोज औषध? नाही, एफआयव्ही आहे म्हणून रोजची गोळी नसते. पण सर्दी, जखम, जुलाब, वजनातली घट, काहीही दिसलं तर “उद्या बघू” चालणार नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी. कच्चं मांस अजिबात नाही, कारण त्यातले जंतू धडधाकट मांजर पचवेल, हा पचवेलच असं नाही.

पुढे कधी दुसरं मांजर आणलं तर, हाही प्रश्न होता. एका भांड्यात खाल्लं किंवा एकमेकांना चाटलं म्हणून सहसा लागण होत नाही. जिथे मांजरांचं आपसात पटतं आणि भांडणं होत नाहीत, तिथे धोका कमी असतो. पण शून्य आहे असं मी म्हणणार नाही, आणि दुसरं आणायच्या आधी मला विचारा, एवढं सांगितलं.

कागदाच्या तळाशी एकच ओळ होती. ती त्यांनी वाचली नाही, कागदच माझ्याकडे वळवला. ‘शेवटी काय होतं?’

इथे गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. मी जे आहे ते सांगितलं. प्रतिकारशक्ती खालावली की एकामागून एक संसर्ग होतात, तोंडाचं दुखणं उलटतं, वजन उतरतं, काहींना कॅन्सर होतो. कधी ते सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही, कदाचित काही वर्षांनी. त्या वेळी वेदना कमी करायला आम्ही आहोत, पण घरात रोज त्याच्याजवळ तुम्हीच असाल.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिने माझ्या आईचं शेवटचं दुखणं काढलंय. आम्हाला जमेल. फक्त मला आधी कळायला हवं होतं.”

खिडक्यांना जाळ्या बसवल्याचे फोटो त्यांनी पाठवले, मग मी घर पाहून आले. एक जाळी खालून सैल होती, ती माझ्यासमोरच घट्ट केली. पैलवान गेला त्या दिवशी मदतनिसाने पिंजरा धुवायला घेतला आणि मध्येच बाहेर निघून गेला. त्याला मी काही विचारलं नाही.

नसबंदीनंतर हळूहळू त्याचे गाल उतरलेत, चेहरा निमुळता झालाय. वजन वाढलंय. गृहस्थ दर महिन्याला ते लिहून ठेवतात, तारखेसकट, आणि तपासणीला येताना वही घेऊन येतात. माझ्या मते ती वही कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाची आहे, कारण वजनातली बारीक घट डोळ्यांना दिसायच्या आधी कागदावर दिसते. आता एफआयव्हीचं मांजर बघायला कोणी आलं की त्यांच्या प्रश्नांच्या कागदाची झेरॉक्स मी आधी हातात ठेवते, त्यांची परवानगी घेऊनच.

मागच्या तपासणीत उजव्या सुळ्याभोवतीची हिरडी थोडी लाल दिसली. औषध सुरू केलंय. उतरली नाही तर तोही दात काढू, असं दोघांशी बोलून ठरवलंय.