तुम्ही विचारलंत म्हणून: कोथरूडचा फ्लॅट आणि मेडिकेअरचा हप्ता

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत हमखास कुणीतरी गाठतं. "काका, निवृत्त झालो, पगार थांबला, तरी मेडिकेअरचा हप्ता वाढून आला. असं कसं?" मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर मी या प्रश्नातला जाणकार मानला जातो. कारण एवढंच, की मी स्वतः त्यात तोंडावर आपटलोय.

१९९४ साली आम्ही कोथरूडला सहा लाखांना फ्लॅट घेतला. परत जायचं होतं. तेव्हा सगळ्यांनाच परत जायचं असायचं. २०२३मध्ये तो ऐंशी लाखांना विकला. अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. खरेदीचे रुपये तेव्हाच्या दराने आणि विक्रीचे आताच्या दराने डॉलरमध्ये मांडले, तर नफा झाला अंदाजे ७८,००० डॉलर. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट इथे मिळालं. मी खूश!

पुढच्या वर्षाच्या अखेरीस सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन खात्याचं पत्र आलं. मेडिकेअर हप्ता ठरवताना दोन वर्षांपूर्वीचं रिटर्न बघते. म्हणजे २०२५चा हप्ता २०२३च्या उत्पन्नावर. ज्याच्या वर उत्पन्न गेलं की हप्ता वाढतो, ती रेघ जोडप्यासाठी होती २,१२,००० डॉलरवर आणि आमचा आकडा निघाला २,१३,०००च्या आसपास. क्रेडिटमुळे कर कमी होतो, उत्पन्नाचा आकडा नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आयकरात रेघ ओलांडली तर वरच्या रकमेवरच जास्त दर लागतो. इथे तसं नाही. एक डॉलर वर गेलात तरी पायरी पूर्ण चढलात. डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, ज्याला पार्ट बी म्हणतात, त्याचा साधा हप्ता महिना १८५ डॉलर होता, आम्हाला २५९ पडला. औषधांच्या पार्ट डीवर आणखी १३.७०. दोघांचा वर्षाचा जादा भुर्दंड झाला २,१०४ डॉलर ८० सेंट. रेघेच्या वर गेलेले हजार, त्याचे दोन हजार. या अधिभाराला इथे सगळे 'अर्मा' म्हणतात. २०१७ साली फ्लोरिडावर आदळलेल्या वादळाचं नावही असंच होतं.

तक्रारीसाठी एसएसए-४४ नावाचा फॉर्म आहे. नोकरी सुटली, जोडीदार गेला, घटस्फोट झाला, पेन्शन बुडालं, अशी कारणं त्यात चालतात. नोकरी सोडल्यामुळे उत्पन्न घटलेल्यांनी तो जरूर भरावा, बरेच जण उगाच गप्प बसतात. पण आपणहून फ्लॅट विकणं त्या यादीत नाही. फॉर्म वाचला आणि खणात ठेवला. खरी चूक वेगळीच होती. त्याच वर्षी किचनचं काम काढलं आणि आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यातून १२,००० डॉलर उचलले. ते उत्पन्नात धरले जातात. ते पुढच्या जानेवारीत उचलले असते तर आम्ही रेघेच्या आत होतो. रॉथमधून, म्हणजे आधीच कर भरून साठवलेल्या निवृत्तीच्या खात्यातून काढले असते तर ते मोजलेच गेले नसते.

मला जास्त खुपतो तो वेगळाच प्रकार. नवरा-बायकोतलं एक माणूस गेलं की पुढच्या वर्षापासून मागे राहिलेल्याला सहसा एकट्याने रिटर्न भरावं लागतं आणि रेघ येते निम्म्यावर, २०२५मध्ये ती होती १,०६,०००वर. उत्पन्न मात्र निम्मं होत नाही, कारण दोघांची साठवण एकाच नावावर येते. फॉर्मचा उपयोगही उत्पन्न खरोखर घटलं असेल तरच. आमच्या ओळखीत एका वहिनींना घर तेच, खर्च तोच आणि हप्ता वाढीव, असं झालं. दोघं असतानाच आयआरएतली थोडी थोडी रक्कम रॉथमध्ये वळवायला हवी होती, असं मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

तरुण जोडप्यांची गोष्ट वेगळी. मेडिकेअरचा १.४५ टक्के कर पूर्ण पगारावर जातो, त्याला वरची मर्यादा नाही. सोशल सिक्युरिटीचा ६.२ टक्के मात्र २०२५मध्ये १,७६,१०० डॉलरवर थांबला. मेडिकेअरचा आणखी ०.९ टक्के लागतो तो जोडप्याच्या अडीच लाखांवरच्या पगारावर, पण कंपनी कापते ते एकाचा पगार दोन लाखांवर गेला तरच. दोघांना प्रत्येकी १,८०,००० असतील तर कुठलीच कंपनी कापत नाही आणि एप्रिलमध्ये ९९० डॉलर अंगावर येतात. अडीच लाखांचा हा आकडा २०१३पासून हललेला नाही. अर्माची रेघ निदान महागाईबरोबर सरकते. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर कर सुरू होण्याची जोडप्यांची ३२,००० डॉलरची रेघ तर १९८४पासून तिथेच आहे. तेव्हा ती श्रीमंतांसाठी होती, आता साध्या पेन्शनरालाही लागते.

आमचा अधिभार या जानेवारीत गेला, कारण २०२४चं उत्पन्न नेहमीसारखं होतं. मी पत्र दोनदा वाचलं. साधा हप्ताच आता २०२.९० झालाय.