पंचांचा कागद

माझ्या भाचीवर बलात्कार झाला, तेव्हा पाड्यावरचे पंच दुसऱ्याच दिवशी बसले आणि दिवस मावळण्याआधी उठले. मुलाच्या घरावर दंड बसवला. निम्मी रक्कम तिच्या वडिलांना, उरलेली जातीच्या जेवणाला. बावीस वर्षांची ती मुलगी दाराआडून सगळे ऐकत होती, तिला कोणी काही विचारले नाही. बांधाचे तंटे हेच पंच कोर्टापेक्षा लवकर मिटवतात, हे मी नाकारत नाही. पण इथे त्यांच्या लेखी बिघडले होते ते दोन घरांचे नाते.

खरी अडवणूक ठाण्यात झाली. आम्ही पोहोचण्याआधीच मुलाचा चुलता अंगठे उमटवलेला तडजोडीचा कागद देऊन गेला होता. अंमलदाराने तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, "पेसातलं गाव ना तुमचं? पंचांनी मिटवलंय, मग आता काय?" आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्यात तंटे सोडवण्याच्या रूढ पद्धतीला मान आहे, हे खरे, परंतु बलात्कार हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही आणि पंचांचा ठराव एफआयआर रोखू शकत नाही. हे मला ठाऊक होते, तरी सांगताना आवाज कापत होता. साहेब बंदोबस्ताला गेलेत, जबाब घेणाऱ्या मॅडम रजेवर आहेत, उद्या या, असे ऐकत दोन दिवस त्याच बाकड्यावर गेले. आधी सरकारी रुग्णालयात जायला हवे होते, हे मला तिथे बसल्यावर सुचले. तपासणी आणि मोफत उपचार एफआयआरवाचून अडत नाहीत. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, वाळवून कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकमध्ये नाही.

तिसऱ्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवली आणि पावती अंमलदारासमोर ठेवली. अशी तक्रार न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली कैद होऊ शकते, हेही शांतपणे ऐकवले. संध्याकाळी मॅडम रजेवरून आल्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय मी उठले नाही.

दंडातले ते जातीचे जेवण झालेच नाही. कारभाऱ्याने आता पाड्याला आमच्याकडचे पाणीही न घेण्याचे बजावले आहे. त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो अर्ज मी लिहायला घेतला आहे.