बिनतारी टोचन

माल भरलेली दहा चाकी गाडी बंद पडली की रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, क्रेन आली, ओढायची लोखंडी दांडी लावली, निघाली. दांडी लावणं हे शेवटचं काम. त्याआधीचा बराच वेळ गाडीखाली जातो, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला परवा बिनतारी टोचनाचं, म्हणजे दोर-दांडीशिवाय गाडी मागे आणण्याचं, जे प्रात्यक्षिक पाहिलं ते कळायचं असेल तर आधी गाडीखालचं हे काम माहीत पाहिजे.

इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. ट्रकचे पार्किंग ब्रेक हवेने लागत नाहीत, हवेने सुटतात. लावते ती चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमधली, म्हणजे बंद डब्यातली, स्प्रिंग. टाकीतला दाब पाच-साडेपाच बारच्या खाली उतरला की ती चाक धरायला लागते. मग दोनच वाटा. एक तर क्रेनच्या टाकीतून नळी लावून हवा द्यायची. नाहीतर चेंबरच्या मागचं रबरी बूच काढून रिलीज बोल्ट आत घालायचा, पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि नट आवळत स्प्रिंग मागे ओढून घ्यायची. हे प्रत्येक स्प्रिंग चेंबरला वेगळं करावं लागतं. चाकांना लाकडी ठोकळे आधी लावायचे, कारण शेवटचा चेंबर सुटला की उतारावर गाडी धरून ठेवणारं काही उरत नाही. घाईत काही जण चेंबरचा क्लॅम्पच खोलतात. आतली स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस जागीच जातो. इंदूर बायपासवर असं करणारे आजही दिसतात आणि लोक त्यांना तयार मिस्त्री म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

मग प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा. गिअरबॉक्समध्ये तेल वर उडवतो तो इंजिनकडून फिरणारा काउंटर शाफ्ट. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांमुळे आऊटपुट शाफ्ट फिरतो, पण त्याला तेल मिळत नाही. धामनोदपासून इंदूरपर्यंत असं आणलं की बेअरिंग जळतात आणि मालकाला साध्या बिघाडाऐवजी गिअरबॉक्सचं बिल येतं. म्हणून डिफरन्शियलकडचे फ्लँजचे बोल्ट काढून शाफ्ट चेसिसला बांधायचा, किंवा हबमधून एक्सल शाफ्ट ओढून वर पत्रा लावायचा, म्हणजे धूळ जात नाही. स्टिअरिंगचा पंपही इंजिनवरच. पुढच्या एक्सलवर सहा-सात टन असताना पंपाशिवाय स्टिअरिंग वळवायला ड्रायव्हरचे खांदे दुखून येतात.

एवढं झालं की दांडी. दहा चाकी गाडीचं मंजूर एकूण वजन २८.५ टन. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल तर चढाचे १.७ टन आणि टायरच्या घर्षणाचे अंदाजे ०.३ टन, म्हणजे नुसती संथ ओढायलाच दोन टनांचा जोर लागतो. गिअर बदलताना झटका बसतो तो याच्या कितीतरी पट. म्हणून आम्ही एक इंची, साडेआठ टनांची डी-शॅकल, म्हणजे दांडी अडकवायची कडी, वापरतो. लोखंडाच्या दांडीची खरी किंमत उतारावर कळते. दोर फक्त ओढतो, दांडी ओढते आणि अडवतेही. मागच्या गाडीचा ब्रेक कमी पडला तर तिचा भार पुढच्या गाडीवर येतो आणि पुढची गाडी तो पेलते.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, रामबागेतले. स्वतःच्या गाड्या आहेत. त्यांचा फोन आला, "काका, एक कंपनी बिनतारी टोचन दाखवायला येतेय. दोर नाही, दांडी नाही. पुढची गाडी चालवायची, मागची आपोआप येते. तुम्ही बघा आणि सांगा, घ्यायचं का."

त्यांना हे हवंसं का वाटलं ते मला कळतं. ड्रायव्हर मिळत नाहीत. शिवाय दोराने ओढताना दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत रात्री मोटारसायकलवाला घुसतो, त्याला दोर दिसत नाही, आणि पुढे जे होतं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तारेचा दोर ताणाखाली तुटला तर ज्याला लागेल त्याचा पाय जातो. दोर वाईटच. या बाबतीत कंपनीच्या माणसांशी माझा वाद नव्हता.

किटमध्ये काय होतं ते सांगतो. दोन्ही केबिनवर अँटेना. मागच्या गाडीच्या बंपरवर रडार, काचेआड कॅमेरा, स्टिअरिंग कॉलमवर मोटर, ब्रेकच्या हवेच्या लाइनमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि अॅक्सिलरेटरच्या वायरिंगमध्ये एक जोड. पुढच्या गाडीचा वेग, ब्रेक, वळण ही माहिती सेकंदाला दहा वेळा मागे येते आणि मागची गाडी त्याप्रमाणे स्वतःला चालवते. काम नीटनेटकं होतं. वायरिंगला जाळी, जोड सीलबंद. आलेला तरुण इंजिनिअर हुशार होता आणि खोटं बोलत नव्हता. पण सोबतच्या विक्रीवाल्याने दिलेल्या माहितीपत्रकावर, केबिन पुढे कलवून, म्हणजे बिघडून, उभ्या असलेल्या ट्रककडे निळ्या लहरी जाताना दाखवल्या होत्या.

आवारातल्या सरळ रस्त्यावर, ताशी ३० ला, आठ मीटर अंतर ठेवून मागची गाडी पुढचीच्या मागे अगदी सुरेख आली. मालक खूश झाले. मी इंजिनिअरला म्हटलं, "आता मागच्या गाडीचं इंजिन बंद करा आणि आणून दाखवा."

"सर, इंजिन तर चालू लागेल."

"मग बंद पडलेली गाडी कशी आणणार?"

"बंद पडलेली नाही, सर. ही सिस्टिम चालू गाडीसाठी आहे."

विक्रीवाल्याने लगेच विषय बदलला. पण सगळं त्या एका वाक्यात होतं. ज्या गाडीला टोचन लागतं तिचं इंजिन, हवा, स्टिअरिंग यांतलं काहीतरी गेलेलं असतं. रेडिओवरून हुकूम पोचतो, जोर पोचत नाही. दोन टन ओढायला लोखंडच लागतं. आणि हुकूम पाळायला गाडी धडधाकट लागते. ती धडधाकट असेल तर तिला क्रेन कशाला बोलावतील?

चालू गाडीने पुढच्या गाडीमागे यायचं, हे जुनंच तंत्र आहे. त्याला प्लॅटूनिंग म्हणतात. १९९७ साली सॅन दिएगोजवळ हायवेत चुंबक पुरून आठ ब्युइक गाड्या अशा ओळीने चालवून दाखवल्या होत्या. युरोपातल्या सार्त्रे प्रकल्पाने मे २०१२ मध्ये बार्सिलोनाजवळ वाहत्या रस्त्यावर एका ट्रकमागे तीन व्होल्वो कार ताशी ८५ ला, सहा मीटर अंतराने, २०० किलोमीटर नेल्या. पुढे जानेवारी २०१९ मध्ये डेम्लरने ट्रकचं प्लॅटूनिंग बाजूला ठेवलं. डिझेल वाटलं होतं तेवढं वाचत नव्हतं, आणि ओळ मध्येच तुटली की पुन्हा गाठायला वेग वाढवून बचत परत जात होती. ही त्यांची गोष्ट, त्यांच्या रस्त्यांवरची, जिथे मधे बैल येत नाही.

दुपारी मालकांनी खरी परीक्षा घ्यायला लावली. पुढची गाडी रिकामी, मागची सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली. इंजिनिअरने आठ मीटर ठेवायला साफ नकार दिला आणि अंतर २५ केलं. त्याचं मला कौतुक वाटलं, कारण हिशोब सरळ आहे. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. रिकामी गाडी सेकंदागणिक ६ मीटरच्या दराने वेग कमी करते, म्हणजे १०.३ मीटरमध्ये उभी राहते. भरलेल्या गाडीचे ड्रम तापले असतील आणि तिला ३ चाच दर जमत असेल, तर तिला २०.६ मीटर लागतात. दोघींचे ब्रेक एकाच क्षणी लागले, रेडिओने जराही वेळ खाल्ला नाही, असं धरलं तरी आठ मीटरवरची भरलेली गाडी पुढचीला ताशी १३ ने जाऊन धडकते. शिवाय हवेच्या ब्रेकला पॅडल दाबल्यापासून पूर्ण जोर यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो, तो वेगळा. बरोबरीचे ब्रेक नसतील तर अंतर वाढवावंच लागतं, आणि अंतर वाढलं की आपल्याकडे त्यात कोणीतरी येतंच.

आलंच. वीस-पंचवीस मीटरची मोकळी जागा बघून आवारातला फोर्कलिफ्टवाला आडवा घुसला. त्याची चूक म्हणता येत नाही, दोन गाड्या एकमेकींना बांधलेल्या आहेत असं सांगणारं तिथे काहीच नव्हतं. रेडिओ म्हणतोय पुढची गाडी २५ मीटरवर, रडार म्हणतंय सहा मीटरवर काहीतरी आहे. यंत्राने रडारचं ऐकून जोरात ब्रेक लावला. निर्णय बरोबर होता. फोर्कलिफ्ट वाचला. पण वरची पोती दोर ताणून पुढच्या फळीवर आदळली आणि एक रांग केबिनच्या मागच्या पत्र्यावर येऊन टेकली. पोत्यांच्या जागी लोखंडी पाइप असते तर ते केबिन फोडून आत गेले असते, आणि त्या सीटवर कंपनीचा माणूस बसलेला होता.

यानंतरही विक्रीवाल्याचं म्हणणं होतं की उद्या मानपूरच्या पुढे घाटात दाखवू. मी नाही म्हटलं. राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट इकडच्या ड्रायव्हरला सांगावा लागत नाही. उतरताना ब्रेक गेलेल्या गाड्या दुभाजक ओलांडून चढणाऱ्यांवर गेल्या आहेत. घाटाच्या वळणावर पुढची गाडी रडारच्या अरुंद झोतातून बाहेर जाते, आणि मधे डोंगराची कड आली की ५.९ गिगाहर्ट्झची लहरही अडते. ताशी ६० ला अर्धा सेकंद निरोप आला नाही तर गाडी सव्वाआठ मीटर आंधळी जाते. निरोप तुटल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवावं लागतं. ब्रेक लावला तर भर उतारावर, मागे ओळ असताना, गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. नाही लावला तर २८.५ टन कोणाच्याही हातात नाहीत. ट्रेलरची लाल नळी तुटली की ट्रेलर आपोआप ब्रेक धरतो, हाच नियम इथे लावलाय असं इंजिनिअर म्हणाला. तो नियम चांगला आहे, कारण नळी क्वचित तुटते. रेडिओ प्रत्येक वळणाला तुटू शकतो.

हे तपासायचंच असेल तर जागा आमच्या दारात आहे. पीथमपूरचं नॅट्रॅक्स, गाड्या तपासायचं केंद्र: ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झालेला, शिवाय ब्रेकसाठी आणि चढ-उतारासाठी वेगळे ट्रॅक. तिथे रिकामी-भरलेली, कोरडा-ओला रस्ता, सगळ्या जोड्या लावून बघता येतं. गिऱ्हाइकाच्या गाड्या आणि हायवेवरची माणसं वापरून चाचणी करायची, ही पद्धत मला मान्य नाही.

कायद्याचं मी मालकांना वेगळं समजावलं. १९८९ च्या रस्ता-नियमांत ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला ड्रायव्हर हवा होता, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवी होती. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, दोर किंवा साखळी इतरांना दिसेल अशी, मागे ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो', वेग ताशी २४ च्या वर नाही. २०१७ मध्ये हे नियम बदलून नवे आले, पण धंद्यात आजही याच पाच मीटरवर काम चालतं आणि त्यामागे शहाणपण आहे: पाच मीटरमध्ये सहसा कोणी घुसत नाही. हे यंत्र तेवढ्या अंतरात भरलेली गाडी चालवू शकत नाही, आणि ड्रायव्हर काढून टाकता येईल हा तर त्याच्या विक्रीचा मुख्य मुद्दा. विम्याच्या पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी, मोबदला न घेता ओढायला सूट असते. चालू गाडी बिनड्रायव्हरची मागे आणताना अपघात झाला तर सर्व्हेअर काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

मालकांचा एक प्रश्न मात्र अजून डोक्यात आहे. ते म्हणाले, "काका, दांडी चांगली म्हणता, मग प्रत्येक गाडीत दांडी का नसते?" याचं उत्तर आमच्याकडेच आहे. दांडी जड असते, चोरीला जाते, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची पुढची टो-पिन वेगवेगळी असते, आणि मालक लोक तिच्यावर खर्च करत नाहीत. म्हणून ड्रायव्हर दोर वापरतो. दोराने माणसं मरतात, आणि मग कोणीतरी दोरच नको म्हणून निळ्या लहरी विकायला येतं. दोन-तीन मापांच्या पिना, एक दांडी, दोन लुकलुकणारे दिवे आणि हवेची लांब नळी एवढं सामान ताफ्यातल्या दर चार-पाच गाड्यांमागे एका ठिकाणी ठेवलं तर निम्मे धोके जातील. हेच मी लेखी दिलं.

किट अजून त्या दोन गाड्यांवरच आहे. काल मागच्या गाडीत हवा आठ बारपर्यंत भरली, इंजिन बंद केलं, चाकांना ठोकळे लावून पार्किंग ब्रेक सोडला आणि काटा बघत बसलो. दहा मिनिटांत काटा स्पष्ट उतरला. साबणाचं पाणी लावल्यावर नव्या व्हॉल्व्हच्या टी-जॉइंटवर बुडबुडे आले. ब्रेकच्या लाइनमध्ये वाढवलेला प्रत्येक जोड गळण्याची एक जागा वाढवतो, किट बंद असलं तरी. मालकांना म्हटलं, व्हॉल्व्ह काढून जुनी नळी परत बसवा. ते म्हणाले कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्यासमोर काढू. तोवर ती गाडी मानपूरच्या खाली पाठवायची नाही, असं त्यांच्या सुपरवायझरकडून सही करून घेतलंय.